तहान नसताना घेतलेलं पाणी

द्राक्षाचे मणी ज्वारीएवढे झाले आणि थंडी उतरली, की आमच्या सिडकोतल्या गल्लीत पहाटे बुटांचे आवाज सुरू होतात. हल्ली सगळं नाशिक पळतं. बँकेतले साहेब पळतात, दाताची डॉक्टरीण पळते, पोट सुटलेले बिल्डर पळतात. अंगात रंगीत बनियन, मनगटाला घड्याळ. ते घड्याळ म्हणे माणूस किती झोपला तेही सांगतं. मी दारातल्या कट्ट्यावर घोंगडी घेऊन बसतो आणि त्यांचे पाय बघतो. तोंडं बघत नाही. पळणाऱ्याचं तोंड खोटं बोलतं, पाय बोलत नाहीत.

मथुरा असती तर म्हणाली असती, "लोकांच्या बायकांचे पाय काय बघत बसता?"

मथुरा म्हणजे माझी बायको. गेल्या उन्हाळ्यात गेली. लोक देवाघरी गेली म्हणतात, मी नुसतं गेली म्हणतो. कुठे गेली ते मला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याशी बोलायला मला आवडत नाही.

तर पंधरा दिवसांपूर्वी सकाळी सोनाली जिना उतरून खाली आली. आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. पेठकडच्या डोंगरातली पोरगी, कॉलेज संपवून इथंच राहिली, पळण्यासाठी. लांबचं पळते, रस्त्यावरचं, बेचाळीस किलोमीटरचं. पायरीवर बसली. बुटाची नाडी सोडली, बांधली, परत सोडली.

"आबा, एक विचारू?"

"विचार. नाहीतर ती नाडी तुटायची."

"सर म्हणतात, या महिन्यात मैदानावर पाच हजार मीटर पळ. आणि माझी मोठी शर्यत तर पुढे आलीच. लांब पळणाऱ्यानं जवळचं पळावं का हो?"

 चहा ठेवतो म्हणून मी आत गेलो. गॅस पेटवला आणि फळीवरच्या पितळी तांब्याकडे बघत उभा राहिलो. चहा उतू गेला. हाच प्रश्न, असल्याच थंडीत, मलाही एकदा पडला होता. माझी निम्म्याहून जास्त हयात त्यानंतर गेली, पण उत्तर काही मिळालं नाही. मिळालं असतं तर बरं झालं असतं असंही म्हणवत नाही. काही प्रश्न घरात जुन्या भांड्यासारखे असतात. वापरात नसतात, पण मोडीतही घालवत नाहीत.

आणीबाणी उठून गेली, त्यानंतरचा एक हिवाळा. मी तेव्हा सायखेड्याजवळ सासऱ्यांच्या द्राक्षबागेत राबत होतो. घरजावई नव्हतो, पण लोक म्हणायचे आणि मी खोडून काढत नव्हतो. बागा तेव्हा नव्या होत्या, गावात मोजक्यांच्याच. दगडी खांब, तारा, तारांवर वेल. पाठीवर पंप बांधून मी मोरचूद आणि चुना फवारायचो. बोटं एकदा निळी झाली की उन्हाळ्यापर्यंत निळीच. भाकरी त्याच बोटांनी खायची. मथुरा इतर बायकांबरोबर विरळणीला असायची. हातात बारीक कात्री घेऊन एकेका घडातले कितीतरी मणी काढून टाकायचे, म्हणजे उरलेले फुगतात. नवी आलेली बाई पहिल्या दिवशी रडकुंडीला येते. चांगले मणी कापून खाली टाकायचे म्हणजे काय! मथुरा त्यांना म्हणायची, "हात आखडू नको बाई. सगळेच ठेवले तर सगळेच बारके राहतील."

फार कडाका पडला की पहाटे बागेत जागोजागी ओला पाला पेटवून धूर करायचा, वेलीला ऊब मिळावी म्हणून. गोदावरीवरून धुकं यायचं, बागांमधून धूर यायचा, आणि त्या दोघांच्या मधून मी पळत जायचो. चांदोरीच्या अंगाने लांबवर जायचं आणि कामाच्या वेळेला परत यायचं. धुराचा वास केसांत, नाकात थंडीची सुई, पायाखाली बैलगाडीच्या चाकोरीतली पिठासारखी माती. का पळतोस, असं कुणी विचारलं की मला राग यायचा. आता वाटतं, उत्तर येत नव्हतं म्हणून यायचा.

मला हेरलं देवरे सरांनी. तालुक्याच्या एका शाळेत ते कवायत शिकवायचे. मूळचे बागलाणातले, घुश्शात आले की त्यांची अहिराणी बाहेर पडायची. एकदा ते सायकलवर आमच्या गावाकडे येत होते, पुढे मी पळत होतो, आणि त्यांना मला गाठता येईना. शेवटी चढावर ते सायकलवरून उतरले आणि मागून ओरडले, "अरे, कोण शे तू?"

सातवीत शाळा सुटलेला मी, पुन्हा एका मास्तराच्या हातात सापडलो. सर मला रस्त्यावरच्या शर्यतींना नेऊ लागले. कधी सिन्नरच्या रस्त्याला, कधी त्र्यंबकच्या. बक्षिसाला स्टीलची भांडी मिळायची. डबे, पराती, पाण्याची पिंपं. मथुरेचं अर्धं स्वयंपाकघर माझ्या पायांनी भरलं. पाहुणा आला की ती सांगायची, "ही परात त्र्यंबकच्या चढाची."

रस्त्यावरच्या शर्यतीत तेव्हा पाण्याची टेबलं असली तर असायची, नसली तर नसायची. ज्याचं त्याचं माणूस रस्त्यात उभं राहायचं. माझं माणूस मथुरा. पितळी तांब्यात गुळाचं पाणी, त्यात चिमूटभर मीठ, तांब्याला बाहेरून ओलं फडकं. एसटीने, कुणाच्या ट्रॅक्टरवर, जशी जमेल तशी ती पुढे जाऊन थांबायची. जागा तीच ठरवायची. मी एकदा म्हटलं, "मला तहान लागते त्याच्या कितीतरी पुढे उभी राहतेस तू."

"तहानेला कशाला उभी राहू? तहान लागली तर तुम्ही विहिरीवर जाल. माणूस स्वतःला कंटाळतो ना, तिथं मी उभी राहते."

आणि खरंच, जिथं वाटायचं की आता बसावं, काय मिळवायचंय पळून, नेमकी तिथं वळणावर तिची हिरवी साडी दिसायची. पदर खोचून ती माझ्याबरोबर चार पावलं पळायची, पळता पळता तांब्या द्यायची. हाक काय मारणार? नवऱ्याचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही. नुसतं "अहो" म्हटलं तर दहाजण वळून बघायचे. म्हणून ती छातीवरचा नंबर वाचायची आणि तो ओरडायची. "ओ बावीस नंबर! ओ नऊ नंबर!" दर शर्यतीला तिच्या नवऱ्याचं नाव बदलायचं.

त्या हिवाळ्यात देवरे सर बागेत आले. मी पंप खाली ठेवला. ते म्हणाले, "नाशकात जिल्ह्याच्या मैदानी स्पर्धा आहेत. तू पाच हजार पळायचं. ट्रॅकवर."

मी म्हटलं, "मी लांबचा माणूस आहे सर. पुढच्याच महिन्यात आपली रस्त्याची मोठी शर्यत आहे."

"म्हणूनच! तुझ्या पायाला एकच चाल येते. घोडा चालतो, दुडकतो, चौखूर पळतो. एकच चाल येणारा घोडा टांग्याला जुंपतात."

तात्या, म्हणजे माझे सासरे, तिथंच बांधावर तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "मास्तर, घोड्याचं ऱ्हाऊ द्या. बैलाचं मी सांगतो. गाडीचा बैल शर्यतीत घातला की तो दोन्हीकडून जातो. शर्यत तर मारत नाय, आणि नंतर गाडीलाबी नीट चालत नाय. त्याला हाव लागती."

"तात्या, हा बैल नाही."

"जावई हाय. म्हंजे बैलापेक्षा महाग."

मथुरा घडावरची नजर न काढता हसली. सर तिला म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगा याला."

तिची कात्री थांबली नाही. ती म्हणाली, "मला पळण्यातलं काय कळतंय? पण या वेलीला आपण दोनदा छाटतो. उन्हाळ्यात खरड छाटणी, अगदी बोडकी करून टाकतो. पावसाळा सरल्यावर गोडी छाटणी, तेव्हा काडी लांब ठेवतो. घड येतो तो लांब काडीवर. पण आखूड छाटलं नसतं, तर ती काडी आली असती का?"

सरांनी मांडीवर थाप मारली. "ऐक! ऐक बायकोचं!"

मला मात्र तिच्या बोलण्यातली दुसरी बाजू दिसली. मी म्हटलं, "सर, दोन्ही छाटण्यांच्या मधे सहा महिने जातात. एकाच थंडीत दोन्ही केल्या तर वेल वाळून जाईल."

"तू वेल शेस का?" सर ओरडले. अहिराणी बाहेर आली म्हणजे विषय संपला.

खरं सांगायचं तर मी भ्यालो होतो, आणि मला उत्सुकताही होती. दोन्ही एकाच जागी, छातीच्या खाली. रस्त्यावर पळताना मी सतत स्वतःला मागे ओढत असायचो. आता नको, अजून पुष्कळ आहे, जपून. लांबचा पळणारा म्हणजे आयुष्यभर स्वतःचा लगाम धरून बसलेला माणूस. तो लगाम सोडला तर आत काय आहे? काही आहे का? की नुसताच लगाम आहे? हे मला माहीत नव्हतं. पंचविशी उलटली होती आणि माझ्यात किती वेग आहे हे मला माहीत नव्हतं. सोन्याचा हंडा पुरलाय असं ऐकलेल्या माणसासारखी माझी गत झाली. खणावं तर घर पडेल, न खणावं तर झोप येत नाही.

मी खणायचं ठरवलं.

सरांनी शाळेच्या मैदानावर फक्कीने गोल आखून दिला. मी चुना हातात घेऊन बघितला. आमच्या फवारणीचाच चुना. त्या गोलात ते मला एक फेरी जीव तोडून पळवायचे, मग चालायला लावायचे, मग परत. पहिल्या आठवड्यात मला जिना चढता येईना. मांड्यांच्या मागे कधी नव्हती अशी दुखणी निघाली. तात्या म्हणायचे, "बैल लंगडला." मथुरा तिळाचं तेल कोमट करून पाय चोळायची. एके दिवशी ती म्हणाली, "तुमचे पाय बदललेत. पूर्वी झोपेत हलायचे नाहीत. आता हलतात."

मोठी शर्यत हातची जाईल ही धास्ती तिलाही होती, मलाही होती. त्या शर्यतीतून पुढे राज्यात जाता येणार होतं. दोन वर्षं मी तिच्याच मागे होतो. एक स्नायू तुटला की खेळ संपला. पण आता गोलात पाय पडला होता.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सगळे एसटीने नाशकात आलो. सर, तात्या, मथुरा, मी. मैदानाला दोर लावलेला. टेबलावर पंच, डोक्यावर टोप्या, गळ्यात शिट्ट्या. थंडीचं ऊन कोवळं होतं आणि कुठूनतरी भाजलेल्या शेंगांचा वास येत होता. माझ्या छातीला सतरा नंबर लागला. सरांनी मला बाजूला घेऊन सगळे नियम सांगितले. आतल्या रेषेवर पाय द्यायचा नाही. कुणाला कोपर मारायचं नाही. बाहेरच्या कुणाकडून काही घ्यायचं नाही. शेवटच्या फेरीला घंटा होईल, ती झाली की जे असेल ते सगळं काढायचं. मी नियम ऐकले. मला ते कळले. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्यालाच महत्त्व आहे. मथुरेला मात्र कुणी काही सांगितलं नाही. ती तांब्या घेऊन आली होती. ती नेहमीच तांब्या घेऊन यायची. त्यात सांगण्यासारखं काय आहे असं कुणालाच वाटलं नाही.

साडेबारा फेऱ्या. रस्त्यावर पळताना जग मागे जातं. गाव येतं, जातं. ओढा येतो, जातो. इथं जग परत परत समोर येत होतं. तोच लिंब, तेच टेबल, तात्यांची तीच टोपी. रस्त्यावर दमलेला माणूस लपू शकतो. झाडी असते, वळण असतं, बघायला कुणी नसतं. इथं लपायला जागाच नव्हती. शाळेत फळ्यापुढे उभं केल्यासारखं वाटत होतं. पलीकडच्या वळणावर दोराच्या मागे मथुरा उभी होती. दर फेरीला ती माझ्या तोंडाकडे बघायची. मला वाटलं ती घाबरलीय. नंतर कळलं, ती जागा शोधत होती.

अर्ध्यात मी पाचवा होतो. मग चौथा. मग तिसरा. पुढे दोघं. घंटा झाली.

आणि पायांत काहीतरी उघडलं. फवारणीच्या पंपात दांड्याने हवा भरत राहतो आपण, भरत राहतो, आणि मग तोटी सोडली की जो फवारा उडतो, तसं. मला स्वतःचंच नवल वाटलं. पळता पळता वाटलं, अरे, हे इतके दिवस कुठे होतं? पुढचा दुसरा माणूस माझ्याकडे सरकत आला, म्हणजे मीच त्याच्याकडे सरकत होतो. त्याला मागे टाकलं. आता एकच पाठ पुढे. आणि पलीकडच्या वळणावर हिरवी साडी दोराखालून आत आली.

"ओ सतरा नंबर! घ्या!"

पदर खोचलेला, हातात तांब्या, चुन्याच्या रेषेवरून ती माझ्याबरोबर पळत होती. मला तहान नव्हती. एवढ्या अंतरात कुणाला तहान लागत नाही. नियम मला ठाऊक होता. सरांचा आवाज कानात होता. आणि माझा हात पुढे गेला. दोन घोट घेतले, तांब्या परत दिला, पळालो. शेवटच्या सरळ पट्टीत पुढची पाठ जवळ आली, जवळ आली, खांद्याला खांदा लागायच्या बेताला आली, आणि रेषा संपली. तो पहिला. मी हातभर मागे.

मग मी कुठलाच नाही. बाद.

देवरे सरांनी टोपी जमिनीवर आपटली. मथुरा पंचांच्या टेबलापाशी गेली. तिला कोण अडवणार?

"काय झालं? का बाद?"

"बाई, तुम्ही त्यांना पाणी दिलंत."

"मग? विष नाही दिलं."

"नियम आहे. बाहेरून मदत घ्यायची नाही."

"माणसाला पाणी पाजलं म्हणून बाद करता? हा कुठला कायदा? आमच्याकडे न पाजणाऱ्याला बाद करतात."

पंच भला माणूस होता. हसला नाही. तो म्हणाला, "बाई, तुमचं बरोबर आहे. पण नियमही बरोबर आहे." मला आजवर कुणाचं बोलणं इतकं पटलेलं नाही.

तात्यांनी मात्र एका वाक्यात निकाल लावला. "बैल शर्यतीत घातला, आन् मालकिणीनं मधीच वैरण टाकली."

परतीच्या एसटीत मथुरा खिडकीपाशी बसली होती. तांब्या मांडीवर, त्यात उरलेलं पाणी डचमळत होतं.  चांदोरी आलं तेव्हा म्हणाली, "मी नसतं दिलं, तर तुम्ही पहिले आला असता?"

"काय माहीत."

"हातभरच राहिलं होतं."

"दोन घोटांनी तेवढं गेलं असेल. नाहीतर दोन घोटांमुळेच तेवढं जवळ गेलो असेन."

"तुम्हाला नियम ठाऊक होता?"

"होता."

"मग घेतलं का?"

"हात गेला."

"हात काय आपला आपण जातो?" ती म्हणाली, आणि तोंड खिडकीकडे केलं. रडते की हसते ते दिसलं नाही. खांदे हलत होते, पण ते दोन्हीतही हलतात.

पुढच्या महिन्यात रस्त्याची मोठी शर्यत झाली आणि मी जन्मात पळालो नव्हतो तसा पळालो. निवडला गेलो. शेवटच्या पाच-सहा मैलांत, जिथं एरवी पाय ओढत न्यावे लागायचे, तिथं ते मलाच ओढत होते. सर म्हणाले, बघ, मैदानावर वेग चढवला त्याचं फळ. तात्या म्हणाले, मास्तर, त्या महिन्यात तो बाद झाल्याच्या रागात होता, रागानं माणूस पळतो. मथुरा म्हणाली, मी या खेपेला गूळ जास्त घातला होता. तिघांचंही मला पटलं. राज्यात जाऊन मी मधल्या घोळक्यात आलो, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही, मलाही नाही. मला टोचत राहिली ती एकच गोष्ट. मैदानावर मी पुन्हा कधी पळालो नाही. आधी सरांची बदली झाली, मग पुढल्या दशकात मी सातपूरच्या कंपनीत लागलो, पाळ्या सुरू झाल्या, मग गुडघा गेला. ती तोटी एकदाच उघडली होती, अर्ध्या फेरीपुरती. आतल्या पाण्याचा अंदाज अर्ध्या फेरीवरून कसा यावा?

घरात मात्र माझं नाव कायमचं पडलं. शर्यती संपल्या, नंबर बदलायचे थांबले, आणि मी शेवटचा जो होतो त्यावर राहिलो असं नाही. मोठ्या शर्यतीचा नंबर वेगळा होता. पण तिने सतराच धरला. "सतरा नंबर, जेवायला चला." "सतरा नंबर, गॅस आणा." तिचा राग शंभर मीटरचा होता, भडका उडाला की लगेच रेषा. माझा राग बेचाळीस किलोमीटरचा, तीन-तीन दिवस चालायचा. ती म्हणायची, "अहो, जरा जवळचं रागवायला शिका की." भांडण मिटलं की हमखास तोच प्रश्न यायचा. मी नसतं दिलं तर? आणि त्याच्या पाठीमागे दुसरा. ठाऊक होतं तर घेतलं का? मी पहिल्याला काय माहीत म्हणायचो, दुसऱ्याला हात गेला म्हणायचो. इतकी वर्षं तिने विचारलं आणि इतकी वर्षं मी तेच सांगितलं. लांब पल्ल्याचं भांडण.

गेल्या उन्हाळ्यात तिचं पोट उघडावं लागलं. दवाखान्यात ठेवली. तोंडाने काही द्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी खाटेशेजारी स्टुलावर. दुपार होती, खिडकीच्या पत्र्यावर ऊन तापलं होतं. तिचे ओठ सालपटासारखे झाले होते. मी सिस्टरला विचारलं, तहान लागली असेल हिला. सिस्टर म्हणाली, "सलाईन चालू आहे बाबा, तहान लागत नाही त्यांना. वाटलं तर कापूस ओला करून ओठांवरून फिरवा. घोट नाही हं."

पिशवीत तांब्या होता. घरून गुळाचं पाणी करून आणलं होतं. का आणलं होतं, देता येणार नव्हतं तर, ते विचारू नका. कापसाचा बोळा त्यात बुडवला, पिळला आणि तिच्या ओठांवरून फिरवला. डोळे मिटलेले होते. तिने तोंड थोडं पुढे केलं. जिभेचं टोक बाहेर आलं, गूळ लागला, आणि एक डोळा उघडला.

"बाद करतील तुम्हाला, सतरा नंबर," ती म्हणाली.

तहान नव्हती तिला. सिस्टरने सांगितलंच होतं. तरी तोंड पुढे आलं.

मला तेव्हा कळलं माझा हात का गेला होता. तिला सांगायचं होतं, पण तिचा डोळा मिटला होता, आणि मी आपला लांबचा माणूस. म्हटलं जागी झाली की सांगू. त्यानंतर ती नीट जागी अशी झालीच नाही. न सांगता राहिलं. पण मला वाटतं, तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं ती उत्तरासाठी विचारत नव्हतीच. माझ्या तोंडून "हात गेला" एवढंच तिला ऐकायचं असावं.

दोनातला एक प्रश्न असा सुटला. दुसरा अजून तसाच आहे, आणि सोनालीने विचारलेलाही. लांब पळणाऱ्यानं जवळचं पळावं का?

त्या सकाळी सोनालीला मी चहा दिला, निम्मा उतू गेलेला, आणि म्हटलं, "पाय दुखतात का?"

"नाही."

"मोठ्या शर्यतीला अवकाश किती?"

"आहे तसा. तीनेक महिने."

"मग छाटणी बसते. पळ."

"छाटणी?" ती बघत राहिली.

"आणि आत कुणी काही दिलं तर घेऊ नकोस."

"आबा, ते मला माहितीये."

"मलाही माहीत होतं," मी म्हटलं.

काल तिची शर्यत झाली. मी गेलो. आता ट्रॅक लाल, रबरासारखा, चुना नाही, दोराच्या जागी लोखंडी जाळी. मी जाळीच्या बाहेर, पलीकडच्या वळणावर उभा राहिलो. पिशवीत तांब्या. एक पोऱ्या म्हणाला, आजोबा, सावलीत बसा, मी म्हटलं, इथून जागा बरोबर दिसते. सोनाली सहावी होती, मग पाचवी. तिचं नाव घ्यायला मला कसली अडचण? पण तोंडातून नंबरच गेला. ती वळली नाही. पळणाऱ्याने वळू नये. घंटा झाली आणि मी तिचे पाय बघितले. काहीतरी उघडलं. जाळीच्या या बाजूनेही ते मला दिसलं.

ती चौथी आली. बऱ्याच वेळाने जाळीच्या दारातून बाहेर आली. केस कपाळाला चिकटलेले, तोंडावर हसू आणि हसण्यात कोडं.

"आबा, शेवटी पायांत काहीतरी आलं."

"काय आलं?"

"कळलं नाही. कळायच्या आत रेषा आली."

"मग?"

"मग काय, परत पळून बघायला पाहिजे."

मी पिशवीतून तांब्या काढला. तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आत्ताच बाटलीभर प्यायले, आबा. तहान नाहीये," ती म्हणाली, आणि हात पुढे केला.